चुना कुठाय ह्याला?

भाच्याने गच्चीवर तीन सिगार ओळीने मांडले, तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर अजून ऊन रेंगाळत होतं. एक सिगार फिका, मक्याच्या वाळल्या पाल्यासारखा. दुसरा विटकरी. तिसरा जवळजवळ काळा. भाचा ह्यूस्टनला असतो, दिवाळीला साताऱ्याला आला होता. म्हणाला, "मामा, तुम्ही विज्ञानावर लिहिता ना? मग आधी नुसता वास घेऊन सांगा, कशाकशाचा येतोय." त्याच्या मोबाइलवर सिगारच्या चवींचं एक रंगीत चक्र होतं : चामडं, देवदार, कोको, मिरी, ओली माती. मी आयुष्यात विडीचं थोटूकही ओढलेलं नाही. शेजारच्या खुर्चीत मिरजेकडच्या आजोळाहून आलेले आण्णामामा बसले होते. वय 82, कमरेला चंची, आणि अंगठा तळहातावरच्या तंबाखूवर सावकाश फिरत असलेला.

फिक्याला नाक लावलं. चक्रातलं काहीच आठवलं नाही. आठवला तो उन्हात रचलेला कडबा, आणि मागून भाजक्या शेंगांची टरफलं. विटकरी सिगारला नव्या कोल्हापुरी चपलेचा वास होता, म्हणजे चामड्याशी माझं आणि चक्राचं एकमत झालं म्हणायचं. काळ्याला नाक लावलं आणि थेट गुऱ्हाळावर जाऊन पोचलो : काकवी, बेदाणा, आणि काहिलीच्या कडेला थोडं करपलेलं असतं ना, ते. त्याखाली अगदी पुसटसा गोठा. भाचा हसला. गोठा त्याच्या चक्रात नव्हता.

पण माझं नाक चुकलं नव्हतं. माणसाच्या नाकात वास टिपणारी सुमारे 400 प्रकारची ग्राहकं असतात. त्यांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यासाठी 2004 चं नोबेल पारितोषिक मिळवलं. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक छेडतो, पेटीच्या पट्ट्या एकदम दाबाव्यात तसा. त्यातून उमटणाऱ्या सुराला नाव मात्र मेंदू आपल्याच आठवणीतून देतो. कोकोच्या बागेत वाढलेल्याला कोको आठवेल, तासगाव-पलूसकडच्याला बेदाणा आणि गूळ. बाकी त्या चक्रातला 'देवदार'सुद्धा देवदार नाहीच. सिगारच्या पेट्या ज्या 'स्पॅनिश सीडर'च्या करतात, ते झाड आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं आहे.

आणि गोठा? तो अमोनियाचा वास. सिगारच्या पानाची खरी घडण शेतात कमी आणि तोडणीनंतरच जास्त होते. पानं आधी हवेशीर कोठारात कित्येक आठवडे सावलीत टांगतात. तोडलेलं पान लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं आणि स्वतःतला पिष्ट, साखर खाऊन टाकतं. मग त्या पानांचे माणसाच्या उंचीचे ढीग रचतात. शेणखताचा ढीग पहाटे वाफाळताना ज्याने पाहिलाय, त्याला पुढचं सांगायला नको. आतलं तापमान 45-50 अंशांपर्यंत चढतं. ते फार चढू नये म्हणून ढीग मोडून खालची पानं वर आणि आतली बाहेर करून पुन्हा रचतात. या मुरण्यात प्रथिनं तुटतात, अमोनिया उडून जातो, पानातली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्यं फुटून सुवासिक तुकडे होतात. काळ्या पानाला, ज्याला सिगारवाले 'मादुरो' म्हणतात, ही आच जास्त आणि जास्त दिवस मिळालेली असते. म्हणून ते काळं, आणि म्हणून त्यात गुऱ्हाळ. फिक्या सिगारचं वरचं पान मात्र कापडाच्या मांडवाखाली किंवा कायम ढगाळ असणाऱ्या मुलखात वाढवतात. ऊन कमी लागलं की पान पातळ, रेशमी आणि सौम्य होतं. एकाच रोपावरसुद्धा खालचं पान सौम्य आणि शेंड्याकडचं जाड, तेलकट, जहाल.

इतकं ऐकून घेतल्यावर आण्णामामांनी काळा सिगार उचलला, नाकाशी नेला, फिरवून बघितला आणि विचारलं, "समदं खरं. पर चुना कुठाय ह्याला?"

आम्ही हसलो. हसायला नको होतं. सिगार आणि तंबाखूची चिमूट यांच्या रसायनशास्त्रात याहून नेमका प्रश्न नाही.

पानात निकोटिन आम्लाशी बांधलेल्या क्षाररूपात असतं. या रूपात त्यावर विद्युतभार असतो आणि भार असलेला रेणू तोंडाच्या ओल्या, स्निग्ध अस्तरातून सहजी पार होत नाही. परिसर अल्कधर्मी झाला की भार सुटतो, निकोटिन मोकळं होतं आणि गालातून सरळ रक्तात उतरतं. सामू 6 असेल तर जेमतेम 1 टक्का निकोटिन मोकळं असतं. सामू 8 वर नेला की सुमारे निम्मं. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, चांगलंच अल्कधर्मी. आण्णामामांचा अंगठा तळहातावर जे करतो, ते एवढंच : निकोटिनची बेडी तोडणं. चुना न लावता तंबाखू 'चढत नाही' असं ते म्हणतात, ते अक्षरशः खरं आहे.

सिगारमध्ये हेच काम मुरवण्याने झालेलं असतं. साखर संपलेली, त्यामुळे धुरात आम्लं कमी. धुराचा सामू 8 च्या आसपास किंवा वर जातो. म्हणून सिगारचा धूर छातीत न ओढता नुसता तोंडात घोळवला तरी निकोटिन मिळतं. सिगारेटचं उलट. आंध्रातल्या राजमहेंद्रीकडची व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्णतेवर आठवड्याच्या आत सुकवतात. साखर पानातच राहते, धूर आम्लधर्मी होतो, तोंडातून फारसं शोषलं जात नाही, मग तो फुप्फुसात ओढावाच लागतो. भाचा मला बजावत होता, "धूर आत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा." त्या रीतीमागे एवढं सगळं होतं, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. 'प्रीमियम' सिगारच्या ढिगाला जे साधायला महिने लागतात, ते मिरजेकडच्या पारावर अर्ध्या मिनिटात होतं. सुवास सोडून, अर्थात.

मग फिका सिगार पेटवला. पहिल्या झुरक्यात कडबा होता, शेंगांची टरफलं होती, आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा. धूर नाकातून सोडायला सांगितला गेला. डोळ्यांत पाणी आलं. ही चुरचुर चव नव्हे की वासही नव्हे. मिरचीचा ठसका चेहऱ्याचा जो मज्जातंतू मेंदूला कळवतो, तोच हिचीही खबर देतो. चौथ्या-पाचव्या झुरक्याला चव उमगू लागली असं वाटलं. उत्साहाने विटकरी पेटवला. मिरी, चामडं... आणि तिसऱ्या झुरक्याला तोंडात पाणी सुटलं, कपाळावर गार घाम, पाठोपाठ उचकी. गच्ची हलकेच तिरकी झाली.

"लागली," आण्णामामा शांतपणे म्हणाले. "गूळ आणा त्याला."

तंबाखू 'लागते', हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग. वैद्यकाच्या भाषेत ही निकोटिनची सौम्य विषबाधा. निकोटिनचा रेणू अॅसिटिलकोलीन या आपल्याच शरीरातल्या निरोप्याची हुबेहूब नक्कल करतो. मज्जातंतू, हृदय, आतडी, सगळीकडे खोटे निरोप जातात. मेंदूच्या बुडाशी एक छोटा भाग आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली नेहमीची भिंत विरळ असते. त्याचं कामच रक्तातलं विष हुंगणं आणि ओकारी काढायला लावणं. मुरलेल्या माणसात हा पहारेकरी हळूहळू बधिर होतो आणि ग्राहकांची संख्या वाढून शरीर रोजचा रतीब मागू लागतं. म्हणूनच मला वाटतं, सिगारच्या चवीबद्दल जाणकाराचं मत वजनदार असेल, पण सिगार मुळात काय आहे हे नवख्याच्या पोटाला जास्त बिनचूक कळतं.

आपल्या मुलखात असा नोंदलेला पहिला नवखा कोण, ठाऊक आहे? अकबर बादशहा. आणि तंबाखू गेली होती विजापूरहून, जतच्या पलीकडच्या. तेव्हा मिरज आणि साताऱ्याचा किल्लाही आदिलशाहीतच. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तो 1604 च्या सुमारास, आणि त्याने रत्नजडित नळीसह तंबाखू बादशहापुढे ठेवली. शाही हकिमाने हरकत घेतली. अपरिचित वस्तू, आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, घेऊ नये. अकबराने असद बेगचं मन राखायला दोन-तीन झुरके घेतले आणि पुढे सवय लावून घेतली नाही. जहांगिराने 1617 मध्ये बंदीच घातली. तिचा उपयोग किती झाला, ते आण्णामामांच्या चंचीकडे बघून कळतंच.

सिगारला आपल्याकडे जुना शब्दही आहे : तमिळ 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी, त्यावरून आपला 'चिरूट'. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलचे चिरूट एके काळी इतके प्रसिद्ध होते, की 1887 च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स राखेवरून त्रिचिनापल्लीचा चिरूट ओळखतो. आपल्या कृष्णा-वारणाकाठी आणि निपाणीच्या काळ्या रानात चिरूट नव्हे, तर विडीची आणि खायची तंबाखू पिकली. त्या पानाला दर मिळावा म्हणून निपाणीचे शेतकरी 1981 मध्ये महामार्गावर बसले होते आणि 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 जण गेले. सुवासाच्या गप्पा मारताना हे विसरणं मला जमत नाही.

तंबाखूचं शेत ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असतं : फुलोरा येऊ लागला की शेंडा खुडतात, मग बगलेतले फुटवे काढत राहतात. पान जाड आणि 'कडक' होतं. कारण गमतीचं आहे. निकोटिन पानात बनतच नाही, ते मुळांत बनतं आणि रसाबरोबर वर चढतं. 1940 च्या दशकात रे डॉसन या अमेरिकी संशोधकाने टोमॅटोच्या मुळांवर तंबाखूचं कलम बांधलं, तर पानं जवळपास निकोटिनविना वाढली. उलट तंबाखूच्या मुळांवर टोमॅटो बांधला, तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरलं. शेंडा खुडला की रोपाला वाटतं, कुणीतरी आपल्याला खातंय. मुळं संरक्षणासाठी आणखी विष तयार करतात. हे विष आपल्यासाठी नव्हतंच, ते किड्यांसाठी होतं. दवाने भिजलेली पानं हाताळणाऱ्या मजुरांच्याही कातडीतून ते शिरतं आणि त्यांना न ओढता, न खाता 'लागते'.

सुवासाची दुसरी बाजूही त्याच ढिगात आहे. पान सुकताना आणि मुरताना जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते निकोटिनशी आणि त्याच्या भाऊबंदांशी जुळून नायट्रोसामाइनं बनतात, कर्करोग घडवणारी. म्हणजे ज्या प्रक्रियेने काकवी आणि बेदाणा आला, तिनेच हेही आणलं. धूर छातीत घेतला नाही म्हणून तोंड, घसा, अन्ननलिका सुटत नाहीत. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. आणि आजीची मिश्री आठवा : तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, तो खमंग वास गल्लीभर. त्यात नायट्रोसामाइनं आहेतच, वर जळण्यातून आलेली द्रव्यं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 3.8 टक्के लोक धूर काढणारे निघाले, आणि 24.4 टक्के धुराविना तंबाखू घेणारे. आपला प्रश्न सिगारचा नाही, चुन्याच्या डबीचा आहे. हे मी आण्णामामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डबी बंद केली. चिमूट आधीच गालात गेली होती.

काळा सिगार पेटवायचा राहून गेला. भाचा परत गेल्यावर मी तो कुस्करून रात्रभर पाण्यात भिजत घातला आणि गाळलेलं पाणी गच्चीतल्या जास्वंदीवर फवारलं. तिच्यावर मावा पडला होता. जुने शेतकरी माव्यावर तंबाखूचा काढा मारत. आज द्राक्षबागांत वापरतात ते इमिडाक्लोप्रिड किड्याच्या त्याच ग्राहकावर बसतं, ज्यावर निकोटिन बसतं. तिसऱ्या दिवशी मावा गेलेला होता. कुणी करून बघणार असेल तर हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, खायच्या भाजीवर वापरू नका. आणि टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या जवळपासही नेऊ नका. माणसाला सापडलेला पहिला विषाणू तंबाखूच्या पानावरचा होता. तो सुकवलेल्या पानात वर्षानुवर्षं जिवंत राहतो, सिगारमध्येसुद्धा, आणि टोमॅटोला लगेच लागतो.