बी.ए.ला कुठं जायचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. नोकरीची सगळी वर्षं देवघेवीच्या खिडकीशी गेली, आणि दर जूनमध्ये प्रवेश समितीवर बसून पालकांशी बोलणं झालं. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाचे आईवडील फी, होस्टेल, प्लेसमेंट, मागच्या वर्षीचा कटऑफ हे सगळं पाठ करून येत. आर्ट्सला येणाऱ्या मुलीचे वडील मात्र एकच विचारत, "मॅडम, एस.टी. दारात थांबते ना?" काहीजण याच्या अगदी उलट करत. मोठ्या शहरातल्या एखाद्या नावासाठी उसनवारी करत आणि तिथं नेमकं काय शिकवतात हे बघतही नसत.

बी.ए.चं उत्तम शिक्षण महाराष्ट्रात आजही साध्या घराला परवडेल अशा पैशांत मिळतं. पण ते कुठं मिळतं, हे इमारतीकडे बघून कळत नाही. त्यासाठी नेमके प्रश्न विचारावे लागतात.

आधी तुकडी विचारा

पहिला प्रश्न पैशाचा. महाविद्यालय शासकीय आहे, अनुदानित आहे की विनाअनुदानित, यावर फी ठरते. मुंबईचं एल्फिन्स्टन, जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ, कोल्हापूरचं राजाराम, नागपूरची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था ही शासकीय. खासगी संस्थांची जी अनुदानित महाविद्यालयं आहेत, तिथं मंजूर पदांचे पगार शासन देतं, म्हणून तिथली फीही काही हजारांतच असते. विनाअनुदानित ठिकाणी शिक्षकांचा पगार मुलांच्या फीतूनच निघतो.

पालक फसतात ते पुढच्या पायरीवर. एकाच फाटकाच्या आत, एकाच नावाखाली, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या चालतात. अनुदानित तुकडीतल्या जागा भरल्या की राहिलेली मुलं दुसऱ्या तुकडीत जातात आणि फी कितीतरी पट होते. म्हणून नुसतं "तुमच्याकडं बी.ए.ची फी किती?" असं विचारू नका. "माझ्या मुलीला कोणत्या तुकडीत प्रवेश मिळतोय आणि तिचा मुख्य विषय अनुदानित आहे का?" असं विचारा. फीचा तक्ता बाबवार मागा. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा, विद्यापीठाचा निधी, अनामत, सगळं वेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. अनामत शेवटी परत मिळते. ती मागायला बहुतेक मुलं येतच नाहीत. पावती जपून ठेवा आणि ना-देय दाखला घेताना अनामतही घ्या.

फीपेक्षा राहण्याचा खर्च मोठा

अनुदानित बी.ए.च्या सबंध वर्षाच्या फीइतके पैसे पुण्यामुंबईत खोली आणि मेसवर एका महिन्यात जाऊ शकतात. त्यामुळे हिशेब तीन वर्षांचा करा आणि त्यात फी, राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं सगळं धरा. हा हिशेब कागदावर मांडला की जिल्ह्याच्या ठिकाणचं जुनं, भरलेल्या पदांचं महाविद्यालय बऱ्याच घरांना उजवं ठरतं.

आटपाडी तालुक्यातल्या एका मुलीला इतिहास घ्यायचा होता. वडील ट्रॅक्टरवर चालक. मोठ्या शहरात तिला विनाअनुदानित तुकडी मिळत होती. आमच्याकडं अनुदानित जागा होती, इतिहासाचे दोन पूर्णवेळ प्राध्यापक होते आणि समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात तिचा नंबर लागत होता. ती राहिली. वाचायला लागली, ती कपाटामागून कपाट वाचत गेली. पुढं एम.ए.साठी ती पुण्याला गेली, तेव्हा तिची तयारी पक्की होती.

शहरात जायचंच असेल तर राहण्याची सोय आधी पाहा. हुशार पण गरीब मुलांनी शहरात राहून शिकावं, याची सोय महाराष्ट्रानं फार पूर्वी केली. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू झालं आणि पुढं तिथं अनेक समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ मध्ये साताऱ्यात त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींना माफक खर्चात ठेवून घेते. 'कमवा आणि शिका' आज पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही चालते. मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि तासांप्रमाणे मानधन मिळवतात. माझ्या ग्रंथालयात अशी मुलं पुस्तकं लावायची. पुस्तकं लावता लावता त्यांना विषयाचा आवाका कळायचा.

शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्याजेवण्यासाठी रक्कम मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अर्ज अडतात ते कागदांवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं हे सगळं एप्रिल-मेमध्येच तयार ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात आणि पोरं तिथंच खोळंबतात.

खुद्द बाबासाहेब एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ साली अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती मागताना कुणीही मान खाली घालायचं कारण नाही.

शिक्षक आहेत का?

विज्ञानाच्या मुलाला प्रयोगशाळा लागते, तसे बी.ए.च्या मुलाला शिक्षक आणि ग्रंथालय लागतात. दुसरं कुठलंही यंत्र तिथं नसतं. म्हणून ज्या विषयात पदवी घ्यायची आहे, त्या विषयाची मंजूर पदं किती आणि त्यांतली पूर्णवेळ भरलेली किती, हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

गेली कित्येक वर्षं प्राध्यापकभरती रखडत आली आहे आणि रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. ही माणसं नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली असतात, मन लावून शिकवतात. पण त्यांची नेमणूक त्या वर्षापुरती, मानधन उशिरा, आणि तास संपला की त्यांना दुसऱ्या कॉलेजची गाडी पकडावी लागते. तासानंतर मुलांशी बोलायला त्यांना वेळ ठेवलेलाच नसतो. माणूस चांगला असूनही विभाग दुबळा राहतो. एखाद्या विषयाचा अख्खा विभागच तासिका तत्त्वावर चालत असेल तर त्या विषयासाठी तिथं प्रवेश घेताना दहादा विचार करा.

ही माहिती गुपित नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे नॅक, ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था महाविद्यालयांचं मूल्यांकन करते आणि चारपैकी गुण देऊन श्रेणी ठरवत आली आहे. या पद्धतीत ३.०१पासून ए श्रेणी सुरू होते, ३.५१पासून ए प्लस प्लस. पालक फाटकावरची श्रेणी वाचून थांबतात. श्रेणी सगळ्या महाविद्यालयाची असते. तुमच्या मुलीच्या तत्त्वज्ञानाच्या विभागाची नसते. त्याऐवजी महाविद्यालयानं नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर उघडा. मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, एका शिक्षकामागं विद्यार्थी किती, निकाल किती, ग्रंथालयावर दरवर्षी खर्च किती, हे त्यात आकड्यांत दिलेलं असतं. श्रेणी कोणत्या वर्षी मिळाली तेही बघा, कारण ती ठरावीक मुदतीपुरतीच असते.

ग्रंथालयात जा

हा माझा प्रांत, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रवेशाआधी ग्रंथालय बघायचंय म्हणून सांगा. नाही म्हणणारं महाविद्यालय मनातून तिथंच खोडून टाका. आत गेल्यावर कपाटांना कुलपं आहेत की मुलांना स्वतः पुस्तक काढून घेता येतं ते पाहा. मुलांनी पुस्तकं चाळून निवडावीत अशी मुक्तद्वार पद्धत असेल तर फार चांगलं. आपल्या विषयाच्या कपाटातलं एखादं पुस्तक काढा आणि शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघा. शेवटचा शिक्का अनेक वर्षांपूर्वीचा असेल, आणि चार-पाच पुस्तकांत तेच दिसलं, तर त्या विभागात वाचायला कुणी सांगत नाही असं समजा. जिथं संगणकावर नोंद होते तिथं ग्रंथपालांना विचारा, ते सांगतात.

मग नियतकालिकांच्या मांडणीपाशी जा. स्पर्धा परीक्षेची मासिकं सगळीकडं असतात. त्यांच्या जोडीला वाईचं 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', अर्थशास्त्राचं 'अर्थसंवाद' किंवा इंग्रजी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' दिसलं, तर तिथले शिक्षक स्वतः वाचतात हे नक्की. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचं सदस्यत्व आहे का आणि त्याचा पासवर्ड मुलांना मिळतो का, हेही विचारा. त्यावर हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं घरबसल्या वाचता येतात. पुस्तक पेढी असेल तर क्रमिक पुस्तकांचा संच वर्षभरासाठी घरी नेता येतो.

मेजर काय मिळणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून बी.ए.ची रचना बदलली आहे. मुख्य विषय म्हणजे मेजर, जोडीला मायनर, शिवाय कौशल्याचे आणि इतर शाखांचे छोटे अभ्यासक्रम. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. त्यामुळे पहिल्याच वर्षी विचारा की हवा तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून चालतो का, आणि चौथं वर्ष इथंच होतं का. लहान महाविद्यालयांत मानसशास्त्र, भूगोल किंवा संस्कृत पहिल्या वर्षाला असतं आणि पुढं मुलं कमी पडली की बंद होतं. मग नको तो विषय मुलांच्या गळ्यात पडतो.

ज्यांना घर किंवा नोकरी सोडून जाता येत नाही त्यांच्यासाठी १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते आणि ती घेऊन एमपीएससीला बसता येतं. फक्त तिथं शिस्त आपली आपणच लावून घ्यावी लागते.

घाईनं पैसे भरू नका

एकीकडं प्रवेश घेतला आणि नंतर दुसरीकडं नंबर लागला तर पैसे बुडतात, या भीतीनं पालक चांगली संधी सोडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वगळून संपूर्ण फी परत मिळते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलगी आर्ट्सला जातेय म्हणून चौकशी कमी करू नका. बारावीच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, तास चालू असताना, दोन-तीन महाविद्यालयांत तिला घेऊन जा आणि तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी तिला बोलू द्या. तुकडी कोणती, विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती, मेजर शेवटपर्यंत चालतो का, आणि तीन वर्षांचा एकूण खर्च किती, ही चार उत्तरं जिथं स्पष्ट आणि लेखी मिळतील, तिथं बिनधास्त प्रवेश घ्या.