इंजेक्शनांचं दशक

स्वमग्नतेवर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२६मध्ये सांगितलं. पालकांच्या ग्रुपवर टाळ्या वाजल्या. मला राग आला. आत्ता?

आधीच्या इतिहासात मला फारसा रस नाही. १९४३मध्ये लिओ कॅनरने लक्षणं नोंदवली, मग आयांवर खापर फुटलं, १९९९च्या सुमारास सिक्रेटिन या औषधाची लाट आली. अमेरिकेतल्या चाचणीत सिक्रेटिन आणि सलाइन यांत फरक निघाला नाही, तरी ६९ टक्के पालकांना ते औषध हवंसं वाटतच होतं. त्या ६९ टक्क्यांवरच पुढे दुकानं उभी राहिली, असं माझं मत आहे.

आमचं दशक २०१०चं. थेरपी सेंटरच्या बाकावर मुलाची वाट बघत बसलो की हमखास प्रश्न यायचा, "तुम्ही केलंत का स्टेम सेल?" कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करून मणक्यात टोचायच्या. मुलाला भूल, बिल लाखांत. कुणी बांगड्या मोडल्या, कुणी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला. डिस्चार्जच्या वेळी हातात स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीचं भरगच्च वेळापत्रक! सहा महिन्यांनी मूल दोन शब्द बोललं की श्रेय पेशींचं. नाही बोललं तर दुसरा डोस. रोज घसा फोडणाऱ्या थेरपिस्ट ताईंना कोण विचारतो?

आमच्या आरोग्य पुरवण्या 'चमत्कार' छापत होत्या. चाचणीबाहेर असा वापर अनैतिक, हे आयसीएमआरने २०१३मध्येच लिहून ठेवलं होतं. २०२०मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या नाळेतल्या रक्ताच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १८० मुलं होती, पण सामाजिक वागण्यात अपेक्षित सुधारणा सिद्ध झाली नाही. चमत्कार छापणाऱ्यांकडे ही बातमी मला दिसली नाही. २०२२च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या उपचाराचा प्रचार म्हणजे गैरवर्तन ठरवलं. तरी पालकांना सेमिनारची निमंत्रणं येतच राहिली.

शेवटी कोर्टात गेली ती मुंबईची यश चॅरिटेबल ट्रस्ट. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या प्रौढांना काम देणारं जुहूचं 'अर्पण' कॅफे चालवणारी. बाकावरची आमची मुलं आता विशीत आहेत. त्यांना असं काम हवंय, निदान दिवसभर जाऊन बसता येईल असं केंद्र तरी. तुम्ही तालुक्याच्या गावी राहत असाल, तर जरा चौकशी करून बघा.