शेटजींचं घर

वर्धा स्टेशनवर उतरलेला पाहुणा बहुधा थेट सेवाग्रामची रिक्षा धरतो. बापूकुटी बघतो, गांधीजींनी लावलेल्या पिंपळाखाली घटकाभर बसतो आणि परतीची गाडी गाठतो. ज्या व्यापाऱ्यामुळे गांधीजी या गावी राहायला आले, त्याच्या घराची चौकशी कोणी करत नाही. मला याची मनापासून खंत वाटते.

हे घर कापसावर उभं राहिलं. सीकरकडून आलेले बच्छराज बजाज वर्ध्याचे मोठे पेढीवाले. आसपासच्या खेड्यांतून कापसाच्या बंड्या गावात यायच्या, सरकी निघायची, रुईच्या गाठी मुंबईकडे जायच्या. पैसा चांगला होता, पण मुलगा रामधन तरुणपणीच गेला. तेव्हा सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातून एक पोर नातू म्हणून दत्तक आणलं. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जन्मलेले हे जमनालाल. त्यांच्या आईवडिलांनी पैसे घेतले नाहीत, गावाला पाण्याची सोय करून मागितली, आणि बच्छराजांनी तिथे विहीर बांधून दिली, असं सांगतात.

सतराव्या वर्षी या नातवाने एका लग्नासाठी अंगावर जडजवाहीर घालायला नकार दिला. आजोबा संतापले, पैशावरून नको ते बोलले. नातवाने चिठ्ठी लिहिली की तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, आणि घर सोडलं. आजोबांनी समजूत घालून परत आणलं खरं. पण त्याच वर्षी, १९०७ साली, ते वारले आणि सगळी इस्टेट याच मुलाच्या हाती आली. पुढची पस्तीस वर्षं जमनालाल ती चिठ्ठीच पाळत होते, असं मला त्यांचं चरित्र वाचताना सतत वाटत राहिलं.

१९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे मागणं मागितलं की मला तुमचा पाचवा मुलगा माना. सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी परत केली. गांधीजींनी वर्ध्याला आश्रम काढावा हा त्यांचा हट्ट, म्हणून एप्रिल १९२१ मध्ये विनोबा इथे आले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात शेटजींना कैद आणि दंड झाला. दंडवसुलीसाठी सरकारने त्यांची मोटार जप्त केली, तर नागपुरात ती घ्यायला कोणी पुढे येईना!

घराण्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचं प्रकरण याहून अवघड होतं. तुरुंगात जाणाऱ्याला लोक हार घालतात. देवळाचं दार उघडणाऱ्याला जात वाळीत टाकते. जुलै १९२८ मध्ये शेटजींनी ते देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं केलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांनी झाला, हे लक्षात घेतलं म्हणजे वर्ध्याच्या त्या दिवसाचं मोल कळतं. जातभाईंचा रोष घरावर आला तो आलाच. तोवर पडदा आणि सोनं दोन्ही सोडलेल्या त्यांच्या पत्नी जानकीदेवी त्यातही पाठीशी उभ्या राहिल्या.

शेटजींच्या राहत्या बजाजवाडीचं नंतर घरपण जवळजवळ उरलंच नाही. ती काँग्रेसची धर्मशाळा झाली. कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला होत, पुढारी उतरत ते बजाजवाडीत. दम्याने बेजार झालेले राजेंद्रबाबू हवापालटाला इथे येऊन राहत. १९३४ साली खान अब्दुल गफार खान तुरुंगातून सुटले, पण त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल ठेवायची बंदी होती. ते भावासह वर्ध्याला शेटजींकडे राहिले. डिसेंबरात वर्ध्यातच त्यांना पुन्हा अटक झाली. जिथे एका पंगतीला पठाण, बिहारी आणि मद्रासी बसत, तिथलं स्वयंपाकघर कसं चालत असेल? इतिहासाची पुस्तकं ठरावांबद्दल भरभरून लिहितात, चुलीबद्दल नाही.

एकेक वास्तू अशीच हातातून जात राहिली. बगीच्याचं घर ग्रामोद्योग संघाला दिलं, त्याची मगनवाडी झाली. सेगावात शेटजींची मालगुजारी होती. तिथे १९३६ साली गांधीजी राहायला गेले आणि त्याचं सेवाग्राम झालं. पवनारला धाम नदीकाठचा लाल बंगला १९३८ मध्ये आजारी विनोबांना राहायला दिला, तिथे परमधाम आश्रम उभा राहिला. ही सगळी ठिकाणं आज आपण गांधी-विनोबांची म्हणून ओळखतो, ते योग्यच आहे. पण सातबारा बघणाऱ्या माणसाला आणखी एक नाव दिसायला हवं.

शेवटी गोसेवेचं व्रत घेऊन शेटजी गोपुरीत झोपडी बांधून राहिले. तीन-चार महिनेच. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते अचानक गेले. पाच महिन्यांनी, १४ जुलैला, काँग्रेस कार्यकारिणीने ‘चले जाव’चा ठराव वर्ध्यातच केला, यजमान तेवढा नव्हता.

गोपुरीत आता गीताई मंदिर आहे. छप्पर नाही, मूर्ती नाही. उघड्यावर उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेली गीताई. दुपारी दगड तापलेला असतो. अक्षरावरून बोट फिरवलं की खोबणीत बारीक धूळ लागते.

जानकीदेवी पुढे भूदानात उतरल्या, आणि त्यातही त्यांचा जीव होता कूपदानात. ज्याला जमीन मिळाली त्याच्या रानात पाणीही हवं, म्हणून ही बाई गावोगाव लोकांपुढे पदर पसरून विहिरी मागत हिंडली.