मालवणी मासळी थाळी

मालवणी मासळी थाळी हे कोकण किनारपट्टीवरील, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खानावळींमध्ये मिळणारे माशांचे पूर्ण जेवण होय. ही थाळी प्रामुख्याने दुपारी जेवली जाते. मुंबई, पुणे आदी शहरांतही ती लोकप्रिय आहे.

स्वरूप

थाळीत साधारणपणे तळलेल्या माशाची तुकडी, माशाची आमटी, भात, तांदळाची भाकरी किंवा चपाती, सुक्या जवळ्याची चटणी आणि सोलकढी हे पदार्थ असतात. थाळी तळलेल्या माशाच्या नावाने ओळखली जाते, उदा. बांगडा थाळी, सुरमई थाळी, पापलेट थाळी. तिची किंमतही त्या माशावरच ठरते. आमटीतील मासा पुष्कळदा वेगळा व स्वस्त असतो. बाजारभाव रोज बदलत असल्याने अनेक खानावळींत त्या दिवशीचे मासे व दर फळ्यावर लिहिलेले असतात.

तळण्यापूर्वी माशाला आमसुलाचा आगळ, हळद, तिखट व मीठ लावून तो रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात. आमटीत ओल्या खोबऱ्याचे वाटण असते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांच्या आमटीत तिरफळे घालतात. ती केवळ वासासाठी असून जेवताना बाजूला काढली जातात. नारळाचे दूध आणि कोकम यांपासून केलेली सोलकढी शेवटी भाताबरोबर घेतात किंवा नुसतीच पितात.

इतिहास

मुंबईच्या गिरणगावात कुटुंबाविना राहणाऱ्या गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण देणाऱ्या घरगुती खानावळी स्त्रिया चालवीत. कामगारांत कोकणातून आलेल्यांची संख्या मोठी होती. खानावळवाल्या स्त्रियांना सावकारी कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगारांचे उत्पन्न थांबले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या या खानावळींनाही मोठा फटका बसला.

ऋतू आणि मासळी

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. या काळात समुद्र खवळलेला असतो, तसेच अनेक माशांचा हा प्रजननकाळ असतो. त्यामुळे पावसाळ्यात थाळीत खाडीचे मासे, सुकी मासळी किंवा शीतगृहातील मासे येतात. पुढे श्रावणात अनेक कुटुंबे मांसाहार वर्ज्य करतात.

रुपेरी पापलेटाला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. त्याचे घटते प्रमाण हे त्यामागील एक कारण होते. पूर्ण वाढ होण्यापूर्वी पकडलेल्या पापलेटाला अंडी घालण्याची संधीच मिळत नाही व पुढील हंगामातील मासळी घटते. लहान पापलेट स्वस्त थाळीत सहज खपते. म्हणून थाळीत कोणत्या आकाराचा मासा वाढला जातो, हा प्रश्न केवळ चवीचा किंवा दराचा राहत नाही.