शेरू गेला, चितळ राहिले

‘मॅस्कॉट’ला मराठीने ‘शुभंकर’ हा फार नेमका शब्द दिला आहे. शुभंकर म्हणजे शुभ करणारा. मूळ फ्रेंच शब्दाचे नातेही दक्षिण फ्रान्सच्या बोलीतल्या मंत्र-तोडग्यांशी आहे, म्हणजे दोन्हीकडे अपेक्षा एकच: याच्या येण्याने भले व्हावे. 1966 च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडने विली नावाचा सिंह पुढे केला. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये वाल्डी हा डॅक्सहुंड जातीचा कुत्रा आला, आणि तिथल्या मॅरेथॉनचा मार्गही या कुत्र्याच्या आकाराचा आखला गेला. तेव्हापासून यजमान शहर आपली ओळख बहुधा एखाद्या प्राण्याच्या तोंडून सांगत आले आहे. पण भले कोणाचे व्हायचे? स्पर्धेचे, शहराचे, की ज्याचे रूप आपण उसने घेतले त्या प्राण्याचे? माझ्या मते शुभंकराची खरी पारख याच प्रश्नावर होते, आणि ती करायला हैदराबादइतके चांगले उदाहरण नाही.

24 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर 2003 या काळात हैदराबादेत पहिल्या आफ्रो-आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताने 19 सुवर्णपदके मिळवून चीनच्या खालोखाल दुसरा क्रमांक पटकावला. स्पर्धेचा शुभंकर होता शेरू, एक तरुण सिंह. ही निवड वरवर पाहता ठरावीक वाटते, पण तिच्यात अर्थ होता. जंगलात मोकळा फिरणारा सिंह आज जगात दोनच ठिकाणी उरला आहे: एक आफ्रिकेत आणि दुसरा आपल्या गुजरातेत, गीर आणि भोवतालच्या प्रदेशात. दोन खंडांच्या स्पर्धेला दोन्ही खंडांचा म्हणता येईल असा याहून समर्पक प्राणी मिळणे कठीण.

हैदराबादच्या मातीतही या निवडीला आधार होता. शहरात ए. सी. गार्ड्स नावाची वस्ती आहे. ही आद्याक्षरे ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स’ची, म्हणजे निजामाच्या पदरी असलेल्या हबशी घोडदळाची. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी ज्याला ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकाला दख्खनचे आफ्रिकेशी असलेले हे जुने नाते वेगळे सांगायला नको. शिवाय हैदराबादजवळच्या यादगिरीगुट्ट्याला लक्ष्मी-नरसिंहाचे मोठे क्षेत्र आहे. सिंह तेलंगणाच्या रानात नसला तरी तिथल्या देव्हाऱ्यात आहेच.

इथेच पहिला आक्षेप येतो. प्राणी श्रद्धेत आणि गोष्टींत जिवंत असेल, तर तो प्रत्यक्ष त्या भूमीत असलाच पाहिजे हा हट्ट कशाला? 1988 च्या सोल ऑलिम्पिकचा होदोरी वाघ होता. दक्षिण कोरियाच्या जंगलातून वाघ केव्हाच नाहीसा झाला होता, तरी लोककथांत आणि लोकचित्रांत तो घरचाच होता. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. गोष्टीतला प्राणी प्रतीक म्हणून खरा असू शकतो. पण गोष्टीतल्या वाघाला आता कोणी मारू शकत नाही आणि वाचवूही शकत नाही. त्याच्याकडून यजमानाला अभिमान मिळतो, जबाबदारी येत नाही.

पुण्याचे उदाहरण पाहा. 2008 मध्ये बालेवाडीत राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. शुभंकर होता जिगर हा वाघ, 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतल्या शेराचा धाकटा भाऊ. वाघोबाला पुजणाऱ्या महाराष्ट्राला वाघ परका नाही. पण त्याच पुणे जिल्ह्यात भीमाशंकरचे अभयारण्य आहे आणि तिथे आपला राज्यप्राणी शेकरू राहतो. ही तांबूस, झुबकेदार शेपटीची मोठी खार सहसा जमिनीवर उतरत नाही. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप घेत ती जगते, म्हणून झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असणे हेच तिचे जीवन. मधली चार झाडे पडली की तिची वाट तुटते. तरुण खेळाडूंच्या स्पर्धेला झेपेचे याहून बोलके प्रतीक कोणते? शिवाय ते सांगताना जंगल सलग राखण्याची गोष्टही आपोआप सांगितली गेली असती. गोव्याने 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हे साधले. तिथला ‘मोगा’ हा गवा, म्हणजे गोव्याचा राज्यप्राणी, आणि नावात कोकणीतला ‘मोग’, म्हणजे प्रेम. ओडिशाने हॉकी विश्वचषकाला ‘ऑली’ हे कासव दिले, कारण ऑलिव्ह रिडले कासवे त्याच राज्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. शुभंकर हे मुलांना आवडणारे खेळणे. त्याच्या डोक्यावर पर्यावरणाचे ओझे का ठेवायचे? पण रूप आणि नाव वापरून टोप्या, बाहुल्या विकायच्या आणि मूळ प्राण्याकडे पाठ फिरवायची, याला देवाणघेवाण म्हणत नाहीत. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलने फुलेको नावाचा आर्माडिलो निवडला. तो राहतो ती काटिंगाची झुडपी जंगले झपाट्याने घटत होती. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी सुचवले होते, की स्पर्धेतल्या प्रत्येक गोलामागे हजार हेक्टर काटिंगा राखावे. ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. गीरच्या सिंहांची संख्या 2005 मध्ये 359 होती, ती 2025 मध्ये 891 झाली. हे श्रेय वनखात्याचे आणि सिंहाशेजारी राहणाऱ्या गावकऱ्यांचे आहे, शेरूचे नाही. चित्र आपण होऊन कोणाला वाचवत नाही. त्याला जोडून वचन द्यावे लागते.

आफ्रो-आशियाई स्पर्धा पुन्हा कधीच भरल्या नाहीत. दोन खंडांना जोडण्याचा शेरूचा अर्थ स्पर्धेबरोबरच संपला. पण या स्पर्धा जिथे झाल्या ते गच्चीबावलीचे बालयोगी स्टेडियम अजून उभे आहे आणि त्याच परिसरात हैदराबाद विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. तिथल्या खडकांत आणि झुडपांत चितळांचे कळप चरतात. पिंगट अंगावर पांढरे ठिपके, जरा खुट्ट झाले की ताठ होणारे कान. 2014 पासून चितळ हा तेलंगणाचा राज्यप्राणी आहे. 2025 च्या वसंतात याच भागातली 400 एकर जमीन विकासासाठी मोकळी करताना झाडांवर यंत्रे चालली, विद्यार्थी विरोधाला उभे राहिले, आणि एप्रिलच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने ते काम थांबवले. 2003 मध्ये स्टेडियमशेजारचे हे ठिपकेदार जनावर शुभंकर झाले असते तर जमीन वाचलीच असती, असा दावा कोणी करू नये. पण ज्या पिढीने लहानपणी त्याची बाहुली कुशीत घेतली असती, तिला त्या रानाकडे ‘पडीक जागा’ म्हणून पाहणे जड गेले असते, एवढे नक्की. पुढच्या वेळी एखादे शहर शुभंकर निवडायला बसेल, तेव्हा त्याने आधी स्टेडियमच्या कुंपणापलीकडे पाहावे. तिथे जो चरतो, उडतो किंवा झेपावतो आहे, त्याला निवडावे आणि त्याची जागा राखण्याचे वचन त्याच दिवशी द्यावे. तरच तो नावाप्रमाणे शुभंकर ठरेल.