उसातली साखर: कोण जोडतो, कोण मोडतो

उसाच्या पेशीत साखर जोडणारी आणि साखर मोडणारी एन्झाइमे शेजारी शेजारी नांदतात. एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकातले विकर, हे एखाद्या रासायनिक क्रियेचा वेग कैक पटींनी वाढवणारे प्रथिन. कांडीत शेवटी किती साखर उरते, ते या दोन गटांच्या ओढाताणीवर ठरते. दौंड तालुक्यातले वरवंड आणि आसपासची केडगाव, पाटस ही गावे म्हणजे खडकवासल्याच्या कालव्यावर भिजणारा ऊसपट्टा. इथला ऊस गुऱ्हाळावर जातो, नाहीतर कारखान्यावर. एकाला ढेप बसेल का याची काळजी, दुसऱ्याला उताऱ्याची, म्हणजे उसातून किती साखर निघेल त्याची. दोन्ही काळज्यांचे मूळ पेशीतल्या त्याच हिशेबात आहे. त्या हिशेबाबद्दल शेतात, वर्गात आणि स्वयंपाकघरात जे समज रूढ आहेत, त्यातले बरेच उलटे आहेत.

‘खत-पाणी वाढवले की गोडी वाढते’

साखर मुळांतून वर चढत नाही. ती पानात तयार होते आणि खाली उतरते. मुळे पाणी, नत्र, स्फुरद, पालाश पुरवतात. साखरेतला कार्बन हवेतून येतो आणि तो पकडण्याची उसाची रीत गहू-भातापेक्षा वेगळी आहे: कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधला जातो. ही रीत उसाच्याच पानात उलगडली. हवाई बेटांवर कोर्टशॅक आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ती नोंदवली, आणि १९६६ मध्ये ब्रिस्बेनच्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक यांनी तिचा मार्ग मांडला.

कार्बन पकडणारे एन्झाइम, पेप कार्बॉक्सिलेज, पानात रात्रीही असते. फरक पडतो तो एका फॉस्फेट गटाने. दिवसा हा गट एन्झाइमला चिकटवला जातो, मग पुढचे मॅलेट, म्हणजे तेच चार कार्बनचे आम्ल, साचले तरी एन्झाइम सहसा दबत नाही. रात्री गट काढून घेतला की थोड्याशा मॅलेटनेही त्याचे काम थंडावते. सुक्रोज तयार करणाऱ्या सुक्रोज फॉस्फेट सिंथेजची तऱ्हा नेमकी उलटी: तिथे ठरावीक जागी फॉस्फेट लागला की एन्झाइम मंदावते. ‘फॉस्फेट लागला म्हणजे एन्झाइम सुरू’ असा नियम परीक्षेपुरता पाठ केला जातो, तो एकाच पानात दोनदा तपासला तर एकदा मोडतो.

आता युरियाचे. तोडणीच्या तोंडावर दिलेले नत्र आणि पाणी उसाला पुन्हा वाढीला लावते. कांड्यांकडे आलेली साखर नव्या पानांत, नव्या पेशींच्या भिंतींत, प्रथिनांत खर्ची पडते. वजन वाढते, गोडी पातळ होते. म्हणूनच जाणते शेतकरी तोडणीआधी पाणी तोडतात. वाढ थांबते, पाने मात्र उन्हात साखर करतच राहतात आणि ती साठ्यात जाते. मार्गशीर्ष-पौषातल्या थंड रात्री हेच काम फुकट करून देतात.

‘ब्रिक्स चढला म्हणजे साखर भरली’

बुंध्याकडच्या कांडीला टोचा मारायचा, रसाचा थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घ्यायचा, झाकण दाबून दुर्बिणीसारखा उजेडाकडे धरायचा. आत निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतो तिथला आकडा म्हणजे ब्रिक्स. समजा, तो २१ आला. मग शेंड्याकडच्या कांडीचा थेंब घेतला आणि तिथे १५ आला. ऊस अजून पिकलेला नाही, एवढे या दोन थेंबांतून कळते. पण २१ मध्ये साखर किती, हे त्या काचेला ठाऊक नसते. रसात विरघळलेले सगळे काही ती एकत्र मोजते: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, आम्ले. दाणेदार साखर आणि चांगला गूळ यांच्या कामाचा असतो तो मुख्यतः सुक्रोज.

शेंड्याचा आकडा कमी का, याचे उत्तर इन्व्हर्टेज नावाच्या एन्झाइमात आहे. ते सुक्रोजचा एक रेणू मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन रेणू करते. कोवळ्या, लांबत्या कांडीत पेशींच्या रिक्तिकांमध्ये आम्लधर्मी इन्व्हर्टेज भरपूर असते. ही नासाडी वाटते, पण पेशीच्या दृष्टीने ती गरज आहे. एकाचे दोन रेणू झाले की पाणी ओढण्याची ताकद दुप्पट होते, पाणी आत येते, पेशी ताणली जाते आणि कांडी सुटते. उसाची उंची एका अर्थी साखर मोडूनच मिळते. कांडी पक्व झाली की तिथले हे इन्व्हर्टेज उतरते आणि येणारे सुक्रोज टिकू लागते. पक्वता खालच्या कांडीपासून वर सरकते, म्हणून शेंडा आणि बुंधा यांचे ब्रिक्स जवळजवळ सारखे झाले की ऊस तोडायला आला, हा शेतातला ठोकताळा रेणूंच्या पातळीवरही बरोबर ठरतो.

इन्व्हर्टेज हे नाव प्रकाशामुळे पडले. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते. त्याचा विशिष्ट आकडा अधिक ६६.५ अंश. तेच मोडून झालेले मिश्रण प्रकाशाला डावीकडे, साधारण उणे २० अंश, वळवते. दिशा उलटली, म्हणून ‘इन्व्हर्ट’. कारखान्याच्या लॅबमध्ये ‘पोल’, म्हणजे रसातल्या सुक्रोजचा अंदाज, काढतात तो याच गुणावर. एन्झाइमांच्या वेगाचे जे समीकरण आज प्रत्येक जीवरसायनाच्या पुस्तकात असते, ते मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडले तेही इन्व्हर्टेजवर काम करून.

‘साठलेली साखर तिजोरीत पडून असते’

हॅच, सॅकर आणि ग्लाझिओ यांनी १९६३ मध्येच दाखवले होते की खोडात येणारी साखर वाटेत मोडली जाते, पुन्हा जोडली जाते आणि मग साठ्यात जाते. पिकलेल्या कांडीतही हे चक्र पूर्ण थांबत नाही. जोडायला ऊर्जा लागते, म्हणजे पेशी एका हाताने बांधते, दुसऱ्याने सोडते आणि मधे भाडे भरते. हा उधळेपणा कशासाठी, याचे सोपे उत्तर असे: चालू असलेल्या दोन उलट प्रवाहांत थोडा फरक केला तरी निव्वळ दिशा चटकन बदलते. बंद यंत्र पुन्हा सुरू करायला जो वेळ लागतो, तो इथे वाचतो.

‘जनुक असले की एन्झाइम असते’

एक डोळ्याच्या टिपरीतून पाने, मुळे, खोड आणि पुढे तुरासुद्धा निघतो. त्या सगळ्या पेशींत जनुकांचा संच एकच. मुळाच्या पेशीतही पेप कार्बॉक्सिलेजची जनुके असतात, पण पानात जी कामाला लागतात ती तिथे बहुतांशी मिटलेली राहतात. उसाच्या बाबतीत हा संच जरा जास्तच मोठा आहे. लागवडीतला ऊस अनेक जातींच्या संकरातून आला असून त्याच्या पेशीत साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या अनेकदा आठ-दहा प्रती. आर ५७० या जातीचा तपशीलवार जनुक-आराखडा प्रसिद्ध व्हायला २०२४ उजाडले, ते उगाच नाही.

जनुकापासून काम करणाऱ्या एन्झाइमपर्यंत अनेक फाटके आहेत. जनुकाची आरएनए प्रत निघायला हवी, ती टिकायला हवी, तिच्यावरून प्रथिन तयार व्हायला हवे, ते योग्य कप्प्यात पोचायला हवे. पोचल्यावरही काम होईलच असे नाही: इन्व्हर्टेजला घट्ट धरून गप्प बसवणारी स्वतंत्र प्रथिने वनस्पतींत असतात. कोवळ्या कांडीत ग्लुकोज वाढला की नवे इन्व्हर्टेज तयार होण्याचे प्रमाणही घटते. तयार मालच कारखान्याला आवर घालतो. या फाटकांचे वेळापत्रक वेगवेगळे आहे. रेणू चिकटून होणारा बदल क्षणार्धात, फॉस्फेटचा मिनिटांत, जनुकाकडून होणारा तासांत किंवा दिवसांत.

त्यामुळे ‘जात चांगली म्हणजे उतारा चांगला’ हे अर्धेच खरे. को ८६०३२ या जातीचा ऊस दहाव्या महिन्यात तोडला आणि चौदाव्या महिन्यात तोडला, तर जनुके तीच आणि साखर वेगळी.

‘तोडलेला ऊस मेलेला असतो’

कोयता बसल्यावरही कांडीतल्या पेशी श्वास घेत असतात. फक्त पानांकडून येणारी आवक थांबलेली असते. पाणी उडू लागते, ताण वाढतो आणि इन्व्हर्टेज पुन्हा डोके वर काढते. सुक्रोज घटतो, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतात. ऊन तापू लागले की हे आणखी वेगाने होते. फडात किंवा ट्रॉलीत ऊस दोन-तीन दिवस पडला तर वजनातली घट काट्यावर दिसते. सुक्रोजची घट दिसत नाही. कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. सुक्रोज मिळाला की त्यांच्यातले एक एन्झाइम वाढते आणि डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करते. डेक्स्ट्रान प्रकाशाला सुक्रोजपेक्षाही जोरात उजवीकडे वळवतो, म्हणून शिळ्या उसाचा पोल खोटा चढलेला दिसू शकतो. मापाला फसवणारी साखरचोरी म्हणायला हरकत नाही.

गुऱ्हाळावर याचा हिशेब लगेच होतो. शिळ्या उसाचा रस काहिलीत आटला तरी चिकट राहतो, साच्यात ओतलेली ढेप घट्ट धरत नाही, ठेवल्यावर पाझरते. ‘उकळताना एन्झाइम साखर फोडतात’ असे काही जण सांगतात, ते मात्र चूक. रस तापू लागला की एन्झाइमांची घडी उलगडते आणि ती निकामी होतात. ढेपीचा गूळ उतरतो तो ११५ अंश सेल्सिअसच्याही वर. काहिलीत सुक्रोज मोडतो तो रसाच्या आंबटपणामुळे, निव्वळ आम्लाने. गुळव्या बेताने चुना घालतो त्यामागे हे कारण आहे. चरकातून रस निघून काहिलीला जाळ लागेपर्यंत जो वेळ जातो, तेवढाच काय तो एन्झाइमांचा.

‘मुख्य एन्झाइम एकच, ते वाढवा’

साखळीतले सर्वांत मंद एन्झाइम वाढवले की सगळा प्रवाह वाढेल, हा समज अभ्यासकांचाही होता. १९८९ मध्ये जर्मन संशोधकांनी यीस्टमध्ये ग्लुकोज मोडण्याच्या मार्गातली अनेक एन्झाइमे एकेक करून आणि जोडीने वाढवून पाहिली; अल्कोहोल तयार होण्याचा वेग वाढला नाही. नियंत्रण साखळीभर वाटलेले असते, हे कॅक्सर आणि बर्न्स यांनी १९७३ मध्येच गणिताने मांडले होते.

‘हवा कोंडली तरच यीस्ट दारू करते’

कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीवर वाढणाऱ्या यीस्टला साखर मुबलक असली तर हवा असतानाही ते अल्कोहोल करते. त्या अवस्थेत श्वसनाची जनुके दबलेली असतात. दबलेल्यांत इन्व्हर्टेजचे जनुकही असते, कारण आयता ग्लुकोज समोर असताना सुक्रोज मोडायचे यंत्र बांधण्यात अर्थ नसतो. ग्लुकोज संपत आला की एसएनएफ-१ हे प्रथिन जागे होते, दाब उठतो आणि इन्व्हर्टेज तयार होऊ लागते. सुक्रोज आंबवू न शकणारे यीस्टचे बिघडलेले वाण कार्लसन, ऑस्मंड आणि बॉटस्टीन यांनी १९८१ मध्ये वेगळे काढले. प्रथिनाचे नाव त्याच दोषावरून पडले.

या प्रथिनाचे भावंड उसातही आहे. तिथे ते एसएनआरके-१ म्हणून ओळखले जाते. वनस्पतीत साखरेची चणचण असली की ते चेतते, आणि सुक्रोज फॉस्फेट सिंथेजवर फॉस्फेट चिकटवून त्याला मंद करणाऱ्यांत त्याची गणना होते. माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत याच कुळातले एएमपीके ऊर्जेची तूट मोजते. मधुमेहात दिले जाणारे मेटफॉर्मिन ज्या वाटांनी काम करते, त्यातली एक वाट एएमपीकेला चेतवण्याची आहे.

‘गूळ मधुमेहाला चालतो’ हा समज याच ठिकाणी तपासता येतो. गुळात खनिजे थोडी जास्त असतात, पण त्याचा बहुतांश भाग सुक्रोजच असतो. लहान आतड्याच्या अस्तरावरचे सुक्रेज हे एन्झाइम सुक्रोजचा तोच बंध तोडते, जो कोवळ्या कांडीत इन्व्हर्टेज तोडते. गुळातल्या सुक्रोजला त्याने वेगळी वागणूक द्यावी असे काही त्या रेणूत नसते. रक्तात चढलेला ग्लुकोज मग इन्सुलिन मागतो. इन्सुलिन हे एन्झाइम नाही, संप्रेरक आहे: ते स्वतः साखर जाळत नाही. स्नायू आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोजचे वाहक पृष्ठभागावर आणवणे, यकृतात ग्लायकोजेन जोडणाऱ्या एन्झाइमवरचा फॉस्फेट उतरवून त्याला कामाला लावणे, एवढे निरोप ते पोचवते.