स्वयंपाकघरातील लाकडी कपाटे

आषाढ लागला की गोमंतकातील जुन्या घरांतून दारे अडू लागतात. चैत्रात बोटाने लोटले जाणारे कपाटाचे दार आषाढात खांद्याने ढकलावे लागते, खण अर्धा बाहेर येऊन थांबतो, आणि घरातील वडीलधारी माणसे ‘लाकूड फुगले’ एवढेच म्हणून स्वस्थ बसतात. दिवाळीनंतर तेच दार सुरळीत फिरू लागते. इतकेच नव्हे, तर त्याच्या कडेला फटही दिसते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या स्वयंपाकघराची डागडुजी निघाली व ओट्याखालची कपाटे आपणच करावीत असे आम्ही योजिले, तेव्हा प्रथम या फुगण्याचाच विचार करणे भाग पडले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. परंतु सुतारकामातील निम्मे शास्त्र या एका गोष्टीत आहे असे आता आम्हांस वाटते.

लाकूड म्हणजे परस्परांस चिकटलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांची जुडीच होय. झाड तोडल्यावर या नळ्यांच्या पोकळीतील पाणी निघून जाते. पण त्यांच्या भिंतींत मुरलेले पाणी हवेच्या तंत्राने कमी-अधिक होत राहते, आणि शंभर वर्षांपूर्वी कापलेल्या तुळईतही हा व्यवहार थांबलेला नसतो. हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्के पाणी धरून ठेवते. आर्द्रता ६५ टक्क्यांवर उतरली की तेच प्रमाण १२ टक्क्यांच्या घरात येते. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत! लाकडाला हा चढउतार दरवर्षी सोसावा लागतो.

मात्र लाकूड सर्व दिशांनी सारखे फुगत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही. वाढते ते रुंदीत. ओले सागवान पूर्णपणे सुकविले, तर वर्षवलयांच्या परिघाच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. सागवान तर या बाबतीत मोठे सभ्य लाकूड समजले जाते! विद्यार्थ्यांनी येथे त्रैराशिक मांडून पाहावे. हे सारे आकसणे, लाकडातील पाणी ३० टक्क्यांवरून शून्यावर येईपर्यंत घडते असे धरले, तर १२ ते २० या ८ टक्क्यांच्या फरकाने ४५० मिलिमीटर रुंदीची फळी किती वाढेल? उत्तर सुमारे ७ मिलिमीटर येते. तेल किंवा पॉलिश लावल्याने पाण्याची ही ये-जा मंदावते, पण बंद होत नाही.

म्हणूनच एका रुंद फळीला मागून आडव्या पट्ट्या ठोकून केलेले दार फार दिवस धड राहत नाही. फळी रुंदीत वाढू पाहते, पट्टी लांबीत वाढत नाही. या ओढाताणीत फळी वाकते अथवा चिरते. जुन्या सुतारांनी यावर काढलेली तोड म्हणजे चौकटीचे दार. दोन उभ्या व दोन आडव्या पट्ट्यांची चौकट करावयाची. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढून तो उभ्या पट्टीतील भोकात सरस लावून घट्ट बसवावयाचा. पट्टी ६० मिलिमीटरच रुंद असल्यामुळे तिची वाढ मिलिमीटरभराच्या पुढे जात नाही. चौकटीच्या आतल्या कडेला चहूबाजूंनी १० मिलिमीटर खोल खाच पाडावी आणि तीत मधली फळी सरकवावी. या फळीला सरस नाही, खिळा नाही. सुट्टीच्या दिवसांत काम केले, तर दोन्ही कडांना खाचेत ३ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. भर पावसात केले, तर फळी खाचेत जवळजवळ पुरती शिरू द्यावी, कारण पुढे ती आकसणारच असते. बाहेरून दार होते तेवढेच दिसते. आतल्या आत फळी पावसाळ्यात पसरते व हिवाळ्यात मागे सरते.

ज्या मेस्तांच्या हाताखाली आम्ही हे काम शिकलो, त्यांनी आर्द्रतेचे टक्के कधी मोजले नव्हते. मधल्या फळीला सरस का लावीत नाही, असे आम्ही विचारताच ते म्हणाले, “मास्तर, ताका हालपाक सुवात दवरची पडटा.” हलावयास जागा ठेवावी लागते, एवढेच! वर मांडलेले त्रैराशिक आम्ही त्यानंतर केले, आणि त्यांच्या हाताला सवयीने कळलेले अंतर गणिताशी तंतोतंत जुळले.

दारांसाठी आम्ही घराच्या माडीवरून उतरविलेले जुने लाकूड वापरले. त्यात फणस होता आणि ऐनही होता. ऐनाला आमच्या कोंकणीत माट्टी म्हणतात. हाच गोव्याचा राज्यवृक्ष. तो कठीण व जड, रंध्याला दाद न देणारा. त्याच्या वाटेस नवशिक्याने जाऊ नये. फणसाचे लाकूड मात्र हाताला मऊ लागते. ताजे कापलेले असताना ते पिवळेधमक दिसते आणि वर्षे जातील तसे तपकिरी होत जाते. जुन्या लाकडात खिळ्यांची तुटकी टोके दडलेली असतात. लोहचुंबक फिरवून ती शोधल्याविना रंधा चालवू नये, नाहीतर पात्याला दाते पडतात.

कपाटाचा सांगाडा मात्र प्लायवूडचा करावा, या मताचे आम्ही आहोत. जुने ते सोने म्हणणाऱ्यांना हे रुचणार नाही. परंतु प्लायवूडचे थर एकमेकांवर आडवेउभे चिकटविलेले असतात. एका थराला ज्या दिशेने पसरावयाचे असते, त्याच दिशेने शेजारचा थर त्याला धरून ठेवतो. त्यामुळे ऋतू बदलला तरी प्लायवूडची फळी मापाला टिकून राहते. प्रश्न उरतो तो सरसाचा. साधे प्लायवूड पाण्याच्या सहवासात सुटते; ‘भारतीय मानक ७१०’ असा शिक्का असलेले प्लायवूड उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून पारखतात. मोरीलगतच्या कपाटाला ते घ्यावे, इतरत्र थोडी काटकसर चालेल. आमच्या शेजाऱ्यांनी एका दुकानातून तयार कपाटे आणली होती. वरून गुळगुळीत, आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला तक्ता. पहिल्याच श्रावणात त्यांचे तळ भिजल्या पावासारखे फुगले आणि बिजागऱ्यांचे स्क्रू हातात आले.

आता मापाकडे वळू. सुतार येतो तो भिंत मोजतो. तेथे उभे राहून जी व्यक्ती आयुष्याचे कित्येक तास घालविणार, तिला कोणी मोजीत नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी स्त्रीने जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी अवघ्या १.९ मीटर बाय ३.४ मीटर जागेत एक स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले आणि हालचाली ध्यानी घेऊन तिने फळ्या-खणांच्या जागा ठरविल्या, आणि अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे उभी राहिली. पिठाचे खण तिने ओक लाकडाचे केले, कारण त्यातील टॅनिनमुळे किडी दूर राहतात. हे वाचले तेव्हा आम्हांस आमच्या मातोश्रींची आठवण होणे साहजिकच होते. त्यांची उमर जमिनीवर आदोळी आणि वाटण्याचा फातर यांच्यापुढे गेली; पुढे ओटा आला तो गवंड्याच्या मापाचा, त्यांच्या छातीशी येणारा. खांदे वर उचलून भाजी ढवळताना त्यांची पाठ दुखे; आणि ते दुखणे वयाचे, असे आम्ही सारे समजत होतो.

उभ्या माणसाच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे व त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करावे. ती ओट्याची उंची. मातोश्रींच्या कोपराची उंची ९७ सेंटिमीटर भरली, म्हणून ओटा ८५ चा. आमच्या सौभाग्यवती त्यांच्याहून उंच. त्यांना ९१ हवेत. तेव्हा ओटाच दोन उंचींचा केला. गॅसची शेगडी खालच्या भागावर ठेविली, कारण भांड्याची उंची तीत मिळतेच; चिरण्या-मळण्याचे काम वरच्या भागावर. पाहुणे पायरी पाहून हसतात. त्यांनी खुशाल हसावे.

८५ सेंटिमीटरांतून दगडी लादीचे २ आणि पायांचे १० वजा केले की कपाटाची उंची ७३ उरते. कपाट ६०० मिलिमीटर रुंद व त्याच्या दोन्ही बाजू १८ मिलिमीटर जाडीच्या, तेव्हा तळाची फळी ५६४ ची कापावी लागते, ६०० ची नव्हे. प्लायवूडचा तक्ता २४४० बाय १२२० मिलिमीटरांचा येतो. त्यातून ६१० च्या दोन पट्ट्या निघतील असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात करवतीचे पाते स्वतःच सुमारे ३ मिलिमीटर खाते, आणि दुसरी पट्टी उणी पडते. ६०० च्या धराव्या. प्रत्येक पट्टीतून ७३० चे तीन तुकडे मिळून एका तक्त्यात तीन कपाटांच्या बाजू बसतात. करवत हाती घेण्यापूर्वी हे सारे चौकटीच्या वहीत काढून घेतले, तर एखादा तक्ता वाचतो.

सांगाडा जमिनीवर टेकवू नये. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि वाळवीही भिंतीवाटेच येते. म्हणून खाली दगडी पाय द्यावेत आणि मागे बोटभर अंतर राखावे, म्हणजे वारा खेळतो व वाळवीची मातकट वाट दिसते तरी. तेल वा पॉलिश दाराच्या दोन्ही अंगांना सारखेच लावावे. बाहेरून चकचकीत व आतून कोरडे ठेवलेले दार एकाच अंगाने पाणी पिते आणि ताटलीसारखे वाकते. पावसात दार घासू लागले म्हणून लगेच रंधा मारण्याची घाई करू नये. दिवाळीपर्यंत थांबावे, आणि तरीही अडले तर मग हात लावावा.

जवसाचे तेल लावले असेल, तर ज्या चिंध्यांनी लावले त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना उष्णता सोडते, आणि बोळ्याच्या पोटात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या दोरीवर सुट्या पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.